गोव्यात वजनापेक्षा गंजाकडे बघा

दोन किलो हलकी सायकल घेतली की चोर्ला घाट सोपा होईल, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. घाटात सायकलीबरोबर आपण स्वतःलाही वर नेतो. ७० किलोचा माणूस आणि १२ किलोची सायकल मिळून ८२. त्यातले २ किलो गेले तर फरक जेमतेम अडीच टक्के. अर्ध्या तासाच्या चढाला पाऊण मिनिटसुद्धा वाचत नाही. मिरामारच्या सपाट रस्त्यावर तर खरा विरोध वाऱ्याचा असतो.

धातूला मात्र इथे फार महत्त्व आहे, कारण आपली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. स्टीलची फ्रेम आतून गंजते: सीटच्या नळीतून पाणी उतरून पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या फ्रेमच्या तळच्या ॲक्सलपाशी साचतं, वरचा रंग शाबूतच दिसतो. मे महिन्यात सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून नळ्यांत तेल फिरवा, तळाला भोक असेल तर मोकळं करा. ॲल्युमिनियमला काही होत नाही असं समजू नका. त्यात बसवलेल्या स्टीलच्या बोल्टाभोवती खाऱ्या ओलाव्यात पांढरी भुकटी धरते आणि झिजतं ते ॲल्युमिनियमच. कार्बन फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटपोस्ट असेल तर तीही अशीच झिजून आत जखडते; तिथे साधं ग्रीस नको, कार्बनसाठीची पेस्ट लावा.