कळलावी: एक कंद उगवला, दुसरा मातीतच. काय चुकलं?

गच्चीबाग_सातारा
मे अखेरीस रोपवाटिकेतून कळलावीचे दोन कंद आणून १० इंची कुंडीत लावले. मिश्रण निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत. एक वेल फूटभर वाढून आडवा पडलाय, शेजारच्या बांबूला धरतच नाही. दुसऱ्याचा जुलै उजाडला तरी पत्ता नाही. उकरून बघू का? आणि घरात ही वेल लावली की भांडणं लागतात म्हणतात, त्यात काही तथ्य?

रानवेल
उकरा, पण खुरप्याने नको, बोटांनी. कळलावीच्या कंदाला बटाट्यासारखे जागोजागी डोळे नसतात. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या त्या कंदाच्या प्रत्येक फाट्याला टोकाशी एकच कोंब असतो आणि तो काचेसारखा मोडतो. तो तुटला असेल तर कंद कितीही टणक दिसला तरी उगवणार नाही. टोक शाबूत आणि कंद घट्ट असेल तर परत झाकून ठेवा, काही कंद उशिराच जागे होतात. दाबल्यावर मऊ लागला तर कुजलाय, काढून टाका.

कुजण्याचं कारण तुमच्या मिश्रणातच आहे. पावसाळ्यात कोकोपीट पाणी सोडत नाही. दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग जुनं शेणखत, एवढं पुरे. कुंडी १२ इंची, कंद एकच. तो उभा न खोचता आडवा निजवायचा, वर दोन इंच माती. टोक कुंडीच्या काठाकडे नको, मध्याकडे ठेवा.

कोकणमाती
बांबू जाड पडतो. कळलावी खोडाने वेढे घेत नाही. पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि आधाराला पकडतं, तेवढ्याशा आकड्यात बांबू मावणार कसा? सुतळी, तारेची जाळी किंवा पेन्सिलीहून बारीक काटक्या द्या. वेल पाच-सहा फूट जाते. आता आडवी पडलेली ओढून सरळ करू नका, खोड कट्‌कन मोडतं. शेंडा गेला तर यंदाची फुलं बहुतेक गेलीच. आहे तिथेच काटक्या खोचून हळूहळू वर घ्या. वेलीला ऊन, मुळाशी सावली असं जमलं तर उत्तम.

रानवेल
एक राहिलं. काळ्या अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या येतील, लिलीवर येतात त्याच. दोन दिवसांत नुसतं खोड ठेवतात. रोज पानाखाली बघून अंड्यांचे पुंजके चिरडा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. फारच झाल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, पण पावसाची उघडीप बघून.

कोकणमाती
भांडणं नाही लागत, वांत्या लागतात! नावातली कळ बाळंतपणाच्या कळांची म्हणतात, पण कळा याव्यात म्हणून ही वेल वापरण्याचे घरगुती प्रयोग कुणीही करू नयेत. कोल्चिसीन नावाच्या विषामुळे सगळी वेलच विषारी, कंद तर जास्तच, आणि दिसायला कंदमुळासारखा. लहान मूल किंवा कुत्रं असेल तर जाळीआड ठेवा. कंद हाताळताना हातमोजे घाला, काढलेले कंद स्वयंपाकघरात ठेवू नका. पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

गच्चीबाग_सातारा
उकरला. टोक तुटलेलंच होतं. उगवलेल्याला सुतळ्या बांधल्या. पावसाळ्यानंतर काय करायचं?

रानवेल
पाऊस सरला की पानं पिवळी पडतील. रोग समजून खत-पाणी वाढवू नका, वेल झोपायला निघालीय. पाणी तोडत आणा, वेल पूर्ण वाळली की कापा. जुना कंद आटून त्याजागी नवा तयार झालेला असतो. कुंडी कोरडीच वळचणीला सरकवा किंवा कंद काढून कोरड्या वाळूत ठेवा. हिवाळ्यात दया येऊन तांब्याभर पाणी घातलंत तर कंद कुजेल. मेच्या शेवटी पुन्हा ओल द्या. दोन्ही फाट्यांचे कोंब धड असतील तर जोडावर कापून दोन कुंड्या करता येतील. बियांपासूनही होते, पण फुलायला तीन-चार वर्षं.