मदत हवी आहे: मे महिन्याची दुपार, नाशिकजवळचा ओझर विमानतळ, सेसना १७२ एस (चार आसनी छोटं विमान). गणित तपासून द्याल का?

कांदाभजी_कॉकपिट:
ओझरहून दुपारी २ ला निघून इगतपुरीकडे जायचं आहे. तिघे जण, प्रत्येकी ८० किलो. टाक्या पूर्ण, म्हणजे वापरता येणारं २०० लिटर. विमानाचं रिकामं वजन ७७५ किलो. ओएटी (बाहेरच्या हवेचं तापमान) ४०, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००५ हेक्टोपास्कल, धावपट्टीची उंची ढोबळ २००० फूट धरली आहे.

४० वजा १५ = २५. गुणिले १२० = ३०००. त्यात २००० मिळवून डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) ५००० फूट. बरोबर?
हवा विरळ आहे म्हणून ५५ ऐवजी ६० नॉटला रोटेट करावं का, म्हणजे नाक उचलावं का?
आणि ओझरची धावपट्टी एवढी लांब असताना हे सगळं करायची खरंच गरज आहे का?

विंडसॉक:
दोन चुका आहेत, आणि दोन्ही तुम्हाला खोटा दिलासा देणाऱ्या.

क्यूएनएच प्रमाण दाबापेक्षा, म्हणजे १०१३ पेक्षा, ८ ने कमी आहे. दर हेक्टोपास्कलला ३० फूट धरा, म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाबावरून मोजलेली उंची) २२४० फूट. शिवाय १५ अंश हे समुद्रसपाटीचं प्रमाण तापमान, ते दर हजार फुटांना २ अंशांनी उतरतं. इथे साडेदहा धरायचं. फरक साडेएकोणतीस, गुणिले १२० = ३५४०. एकूण ५७८० फूट. तुमच्या उत्तरापेक्षा जवळपास ८०० फूट जास्त.

रोटेट ५५ लाच करा. स्पीड इंडिकेटरलाही तीच विरळ हवा लागते, त्यामुळे काट्यावर दिसणारा स्टॉल स्पीड (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग) बदलत नाही. ५५ दिसताना खरा वेग ६० च्या आसपास असतो. खरा धोका उलटा आहे: जमीन भराभर मागे पळताना दिसते, वेग आला असं वाटतं आणि हात लवकर ओढला जातो. काट्याकडे बघा, धावपट्टीच्या कडेकडे नाही. उतरतानाही हाच भ्रम होतो.

पीओएचचं (विमानाच्या मॅन्युअलचं) टेबल समुद्रसपाटीला १५ अंशांवर ९६० फूट धाव आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडायला १६३० फूट देतं. तुमच्या आकड्यांना ते सुमारे १४०० आणि २४०० होतात. हेसुद्धा कोरडी, सपाट धावपट्टी आणि शॉर्ट फील्ड (आखूड धावपट्टीची) पद्धत धरून. मागून वारा असेल तर दर २ नॉटला १० टक्के वाढवा. टेबल ४० अंशांवर संपतं. पारा ४२ ला गेला तर पुढचे आकडे मनाने जोडू नका, थांबा.

आता लांब धावपट्टीबद्दल. ती फक्त जमिनीवरची अडचण झाकते, चढाईची नाही. प्रमाण हवामानात मिनिटाला ७३० फूट चढणारं विमान इथे साडेपाचशेच्या आसपास चढेल, आणि वर जाईल तसं आणखी कमी. ७५०० फूट गाठायला ११-१२ मिनिटं लागतात. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. दुपारी पश्चिमेचा वारा असला की घाटाच्या पूर्वेला हवा खाली येते आणि तुम्ही नेमके त्याच बाजूने जाणार. ती मिनिटाला ४०० फुटांनी उतरत असेल तर हातात काय उरतं ते बघा. डोंगररांग समोरून सरळ नको, ४५ अंशांत गाठा, म्हणजे वळून परत फिरता येतं.

तराजू:
वजन कोणी बघितलंच नाही! ७७५ + २४० + इंधन १४४ (लिटरला ०.७२ किलो) = ११५९. कमाल ११५७. बॅग न ठेवताच २ किलो जास्त. १०० लिटर घ्या, वजन १०८७ होतं. टेकऑफचं अंतर साधारण वजनाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, त्यामुळे १२ टक्के सहज वाचतं. तासाला ३६ लिटर धरले तर राखीव सोडूनही इगतपुरीला जाऊन परत यायला भरपूर आहे.

कांदाभजी_कॉकपिट:
धन्यवाद, १०० लिटरच घेतो. अजून दोन शंका. मिक्श्चर लीन करून, म्हणजे हवेतलं इंधनाचं प्रमाण कमी करून, टेकऑफ घ्यायचा का? आणि उतरल्यावर अर्धा तास थांबून परत सुरू करताना गरम इंजिन रुसलं तर?

विंडसॉक:
टेबलाखालच्या टिपेत ३००० फुटांपेक्षा उंच मैदानासाठी लीन करायला सांगितलं आहे. ओझर त्याखाली आहे, त्यामुळे पूर्ण रिच (इंधन जास्तीत जास्त). डेन्सिटी अल्टिट्यूड बघून लीन करणारेही आहेत, पण ४० अंशांत सिलिंडर आधीच तापलेले असतात. मी मॅन्युअल सोडणार नाही.

गरम इंजिनात इंजेक्टरच्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. नाक वाऱ्याकडे करून उभं करा. सुरू करताना प्राइम (आधीच इंधन सोडणं) नको. थ्रॉटल पाव इंच पुढे, मिक्श्चर कट-ऑफवर (इंधन बंद), स्टार्टर मारा, इंजिन पेटताच मिक्श्चर हळूहळू रिच. स्टार्टर सलग दाबून धरू नका.

निफाडकर_थंडी:
ओएटीचा काटा उन्हात उभ्या विमानात जास्त दाखवतो, म्हणून मेटारशी (विमानतळाच्या हवामान अहवालाशी) ताडून बघा. दोन्हींत जो आकडा मोठा, तो धरा. आणि हे सगळं सकाळी ७ ला, २५ अंशांत केलंत तर डेन्सिटी अल्टिट्यूड ४००० च्या आसपास येईल. दुपारी २ चा हट्ट कशासाठी?

कांदाभजी_कॉकपिट:
पाहुण्यांची सोय. त्यांनाच ७ ला बोलावतो.