ऑस्टिनमधील एक अटक आणि गव्हर्नरवरचा खटला

प्रश्न: टेक्सासमधील ट्रॅव्हिस काउंटीच्या जिल्हा सरकारी वकील रोझमेरी लेमबर्ग यांना एप्रिल २०१३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, पुढे त्यातूनच गव्हर्नर रिक पेरी आरोपी झाले. न्यायालयांनी हे कसे हाताळले?

प्रतिसाद १: लेमबर्ग यांचा खटला रेंगाळला नाही. रक्तातील अल्कोहोल ०.०८ टक्के या कायदेशीर मर्यादेच्या जवळपास तिप्पट निघाले, कोठडीतली त्यांची अरेरावी कॅमेऱ्यात टिपली गेली, आणि गुन्हा कबूल केल्यावर त्यांना ४५ दिवसांची कैद झाली. पद मात्र त्यांनी सोडले नाही.

प्रतिसाद २: खरा गुंता तिथूनच सुरू होतो. राज्यपातळीवरील भ्रष्टाचाराचे खटले चालवणारा विभाग लेमबर्ग यांच्या हाताखाली होता. त्यांनी राजीनामा न दिल्यास त्याचे ७५ लाख डॉलर रोखू, असा इशारा पेरी यांनी दिला आणि नकाराधिकार वापरून ते रोखलेही. ऑगस्ट २०१४ मध्ये ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतका आधार आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) पेरी यांच्यावर दोन आरोप ठेवले. लोकसेवकावर दबाव आणल्याचा आरोप अपील न्यायालयाने २०१५ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर फेटाळला, तर अधिकाराच्या गैरवापराचा आरोप राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये, सत्ताविभाजनाचा आधार घेत, रद्द केला.

प्रतिसाद ३: दोन्ही आरोप साक्षीपुरावे होण्याआधीच निकालात निघाले, हे माझ्या मते योग्यच झाले. राजीनाम्याची मागणी रास्त होती. परंतु त्यासाठी भ्रष्टाचारविरोधी विभागाचाच पैसा अडवणे मला आजही पटत नाही, आणि तरीही जे पटत नाही ते फौजदारी गुन्हा ठरतेच असे नाही.