टाळूचा तुकडा की तयार पडदा?

हिरडी खाली सरकलीय, उघडं पडलेलं मूळ झाकायला तोंडातल्या टाळूतून तुकडा न काढता तयार मटेरियल चालेल का, असं एकाने विचारलंय. माझ्या खालच्या दोन दातांवर म्हापशात टाळूचाच तुकडा लावला. दातांकडे फारसं दुखलं नाही, दुखली ती टाळू! आठवडाभर गार पेज. घरात सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) शिजत होतं आणि मी चमच्याने पेज ढकलत होतो.

तरीही पुन्हा तेच करीन. टाळूच्या आतल्या थरातली स्वतःची संयोजी ऊती (जोडून धरणारा चिवट भाग) मुळं झाकायला आणि हिरडी जाड करायला अजून सगळ्यात भरवशाची मानतात. डुकराच्या कोलॅजनची (एका प्रथिनाची) जाळी किंवा दान केलेल्या मानवी त्वचेतून पेशी काढून टाकून केलेला पडदा, यात दुसरी जखम नाही. चार-सहा दात एकदम करायचे किंवा टाळू पातळ असेल तर तेच सोयीचं. खर्च मात्र वाढतो. डुकराचं चालणार नसेल तर आधीच सांगा. पीआरएफ म्हणजे तुमचंच रक्त यंत्रात फिरवून काढलेला फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) थर. तो टाळूच्या जखमेवरही लावतात.

दातांमधलं हाड झिजलं असेल तर कशानेही मूळ पूर्ण झाकलं जाईलच असं नाही, हे मात्र डॉक्टरांना आधी विचारा. आणि कडक ब्रश वापरत असाल तर तो आजच टाका.