पाच वर्षांच्या मुलाला कलासंग्रहालयात तीनच वस्तू दाखवाव्यात का?

भायखळाकर
लेक पाच वर्षांची असताना तिला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेलं. बाहेर बागेतल्या दगडी हत्तीपाशीच ती थबकली. हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो मोडला आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून इथे उभा केला. एवढंच तिला सांगितलं. मग वीस मिनिटं ती सांधे शोधत फिरली. "बाबा, इथे पण तुटला होता?" आत मातीच्या छोट्या माणसांपाशी, त्यांच्या पागोट्यांपाशी आणि धंद्यांपाशी आणखी थोडा वेळ गेला आणि आम्ही बाहेर पडलो. पुढच्या रविवारी तिनेच पुन्हा चल म्हटलं.

माझं मत ठाम आहे. सात वर्षांखालच्या मुलाला तीन वस्तू पुष्कळ झाल्या. सगळी दालनं ओढत फिरवायचं आणि वर म्हणायचं, पोरांना आवडच नाही!

चित्रकलेच्या बाई
तीन वस्तूंपुरतं पटलं, पण सांधे शोधणं म्हणजे शिल्प बघणं नाही. गोष्ट आधी सांगितली की मूल गोष्टच बघतं. हत्तीचा जडपणा, त्या पायांचा गोलावा तिने पाहिला का? शोधाशोधीच्या कागदांचंही तेच. 'चित्रातले पाच प्राणी शोधा' म्हटलं की मुलं पाच खुणा करतात आणि पुढच्या चित्राकडे पळतात. मी मुलांना जमिनीवर बसवते, पेन्सिल देते आणि गप्प राहते. पहिली पाच मिनिटं चुळबूळ होते. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, या घोड्याला चारच्या ऐवजी तीनच पाय दिसतायत." तिथून बघणं सुरू होतं.

औंधची आजी
तुम्ही दोघंही पुन्हा येऊ शकणाऱ्यांचं बोलताय. आमच्याकडे, साताऱ्याकडच्या औंधात, यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारलं. राजा स्वतः चित्रकार. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल आहे. लांबच्या गावांतून शाळेची सहल वर्षातून एकदा येते, तीही यष्टीने. पन्नास-साठ पोरं आणि दोन गुरुजी. रांगेत चला, हात लावू नका, की झालं! त्या पोराला तीनच वस्तू दाखवून परत पाठवू? त्याला सगळं बघू दे. काय मनात राहील ते त्याचं त्याला ठरवू दे.

सदाशिव पेठ
केळकर संग्रहालयात माझा मुलगा अडकित्त्यांपाशी रमला, कारण पणजीच्या पानाच्या डब्यात एक होता. ओळखीच्या वस्तूवरून नक्षीकडे जाता येतं. बाई, तुमचं गप्प राहणं मोठ्या मुलांना ठीक. चार वर्षांच्याला धागा लागतो.

दोन लेकरांची आई
सगळं खरं, पण कोणी उंचीचं बोलत नाहीये. लघुचित्रं मोठ्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर टांगलेली असतात. रंग उडू नयेत म्हणून उजेडही मंद, साधारण पन्नास लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). खाली उभ्या पोराला दिसते ती काचेतली चकाकी. मी प्रत्येक चित्रापाशी एकाला उचलायचं आणि दुसरं रडायचं. एका ठिकाणी पायऱ्यांचं लाकडी स्टूल मागितलं, तर "मुलांसाठी वेगळा विभाग आहे" असं उत्तर मिळालं.

चित्रकलेच्या बाई
या वेगळ्या विभागाबद्दल मला बोलायचंच होतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. मुलांना हाताळायला मिळतं, ते चांगलंच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. मुख्य इमारतीतल्या असिरियन, म्हणजे प्राचीन इराककडच्या, दगडी शिल्पपटांपुढेही त्यांना बसू द्या. पोरांना अस्सल वस्तूपासून लांब ठेवून त्यांच्यात कलेची आवड रुजणार नाही.

भायखळाकर
आजी, सहलीचा मुद्दा मान्य, मी मुंबईच्या सोयीने बोललो. सगळ्या मुलांनी एकदा फेरी मारावी आणि मग प्रत्येकाने आपल्या आवडत्या एका चित्रापाशी परत जाऊन बसावं, एवढं गुरुजींना जमेल का? गोष्टीबद्दल मात्र बाईंशी मी असहमतच. लेक आता आठवीत आहे. परवा त्याच हत्तीचं चित्र काढत होती, पायापासून सुरुवात केली.

औंधची आजी
जमेल. दोन गुरुजींच्या जोडीला चार आया द्या. यंदाच्या सहलीला मी स्वतः तिथे बसते.