पत्त्यांच्या डेटाबेसमधले चुकीचे अक्षांश-रेखांश

प्रश्न: पुणे जिल्ह्यातल्या पत्त्यांचा पोस्टजीआयएस (नकाशावरच्या जागा साठवणारा) डेटाबेस आहे. काही बिंदू थेट आर्क्टिक समुद्रात दिसतात, काही नैर्ऋत्येला सरकलेत, तर बरेच पत्ते एकाच जागी साचलेत. दुरुस्ती कुठून सुरू करावी?

उत्तर १: आर्क्टिकमधले सोपे आहेत, तिथे अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. पुणे साधारण १८.५२, ७३.८६ वर आहे. उलटं भरलं की बिंदू नॉर्वेच्याही उत्तरेला जातो. एसटी_मेकपॉइंटला (आकड्यांवरून बिंदू बनवणाऱ्या फंक्शनला) आधी रेखांश द्यावा लागतो, चूक बहुधा तिथेच होते. अक्षांश ६० च्या वर असलेल्या नोंदी गाळून फक्त त्यांचीच अदलाबदल करा.

उत्तर २: नैर्ऋत्येला सरकलेले म्हणजे अंश-मिनिटं-सेकंद दशांश समजून भरलेले. १८ अंश ३१ मिनिटं १२ सेकंद म्हणजे १८.५२, कुणी १८.३११२ लिहिलं की बिंदू २३ किलोमीटर दक्षिणेला जातो. सूत्र: अंश, अधिक मिनिटं भागिले ६०, अधिक सेकंद भागिले ३६००. ओळखायची खूण अशी, की दशांशचिन्हानंतरच्या दोन-दोन अंकांच्या दोन्ही जोड्या कधीच ५९ च्या वर जात नाहीत. ही खूण एकेका नोंदीवर नको, एका स्रोताच्या सगळ्या नोंदींवर तपासा.

उत्तर ३: साचलेल्यांना सूत्र नाही. जिओकोडरला (पत्त्यावरून अक्षांश-रेखांश शोधणाऱ्या प्रणालीला) घर सापडलं नाही की तो अनेकदा पिनकोडचा मध्यबिंदू देतो. तसे बिंदू 'अंदाजे' म्हणून नोंदवा आणि उपग्रहचित्रावर हाताने लावा. आणि कृपा करून जुने आकडे पुसू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा.