मदत हवी आहे: लेकीचे कुरळे केस, बोअरचं पाणी आणि रोज सकाळची रडारड

नमस्कार मंडळी,

माझी लेक आठ वर्षांची आहे, तिसरीत जाते. तिचे केस कुरळे आहेत. नुसते लाटांचे नाहीत, पेन्सिलीला गुंडाळून सोडावी तशी एकेक बट फिरते. ओले असताना पाठीच्या मध्यापर्यंत येतात, वाळले की खांद्यावर चढतात. माझ्या आईचे अगदी असेच होते. आई गेली आणि घरात हे केस कळणारं माणूस उरलं नाही. बायकोचे आणि माझे, दोघांचेही केस सरळ. बायको नर्स आहे, आठवड्यात तीन-चार रात्री तिची ड्यूटी असते, म्हणून सकाळची वेणी माझ्याकडे आली.

शाळेचा नियम दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबन. मी रात्री खोबरेल चोपडतो, सकाळी फणी घेऊन वरून खाली विंचरायला बसतो. अर्धा तास ती रडते. फणीत रोज पुंजका निघतो. तेल इतकं लावूनही दुपारी शाळेतून येते तेव्हा केस वाळक्या कडब्यासारखे झालेले असतात आणि वर्गातल्या मुली तिला मॅगी म्हणतात. कपाळाच्या कडेचे केस विरळ झालेत असं बायको म्हणते, मलाही आता तसंच दिसतं. मागच्या आठवड्यात लेक म्हणाली, "बाबा, टक्कल केलं तरी चालेल मला." त्या रात्री मला झोप लागली नाही. आजीचे केस तिच्या डोक्यावर आहेत, आणि तेच तिला नकोसे झालेत.

आता आमची अडचण. आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ते उजनी धरणाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरवून वापरतो. अंघोळ आणि धुणं बोअरवर. बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर चढतो आणि साबणाला फेस येत नाही. व्हिडिओ पुष्कळ पाहिले. त्यात बायका शॉवरखाली वीस मिनिटं उभ्या राहतात. आमच्याकडे न्हाणीघरात एक बादली आणि एक मग असतो.

करून पाहिलेलं: शिकेकाईची पूड, तिचे कण बटांत अडकून दोन दिवस निघाले नाहीत. एका पार्लरमध्ये विचारलं, तर त्यांनी केराटिन करून सरळ करा म्हणून सांगितलं, आठ वर्षांच्या मुलीला! शेजारच्या तेलुगू अक्का जास्वंदीची पानं वाटून लावा म्हणतात, ते अजून केलेलं नाही.

मला केस सरळ करायचे नाहीत. ते आहेत तसे मऊ राहावेत आणि ती न रडता शाळेत जावी, एवढंच हवंय. कमी पाण्यात काय जमेल? मार्च सुरू झालाय, पुढे पारा ४२-४३ ला जाईल तेव्हा काय करू? कुरळे केस असलेल्यांनी किंवा सांभाळलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

प्रतिसाद (माहेर सोलापूर, आता पुणे)

दादा, तुमचा धागा वाचून माझं लहानपण आठवलं. माझेही केस असेच, आणि माझी आईही अशीच कोरडे केस ओढायची. पहिली गोष्ट आजपासूनच बंद करा: कोरड्या कुरळ्या केसांना फणी लावायची नाही. कधीच नाही.

केस कोरडे का पडतात ते सांगते, म्हणजे पुढचं आपोआप समजेल. टाळूतून निघणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत घसरत जातं. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर ते अडतं. टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असं त्यामुळे होतं. शिवाय वळणावर केसाचे वरचे खवले थोडे उचललेले असतात, तिथून ओलावा लवकर उडतो आणि केस एकमेकांत अडकतात.

आणि तेल म्हणजे ओलावा नव्हे. ओलावा पाण्याचा, तेल फक्त त्याला धरून ठेवायला. कोरड्या केसावर तुम्ही कितीही खोबरेल चोपडा, कोरडेपणा आतच राहतो. आधी केस ओले, मग कंडिशनर, मग वाटलं तर तेलाचे चार थेंब. हा क्रम.

गुंता असा सोडवा. केस भिजवा, चार भाग करून चिमटे लावा. एका भागाला भरपूर कंडिशनर चोळा, हाताला सुळसुळीत लागेल इतका. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर या. वरून ओढलं की सगळे गुंते खाली जाऊन एकच गाठ होते, तुमची लेक त्यालाच रडते. हे आठवड्यातून एकदा, न्हाण्याच्या दिवशी. रोज सकाळी फक्त पाण्याच्या स्प्रेनं केस दमट करायचे आणि बोटांनी वेणी घालायची.

केस पुसता कशानं? घरात टर्किश टॉवेल असेल तर तो केसांना लावू नका. त्याच्या फाशांत बटा अडकतात, चोळलं की सगळे केस फुलून उभे राहतात. जुना सुती पंचा घ्या, किंवा आईचं एखादं धुऊन मऊ झालेलं लुगडं असेल तर ते. चोळायचं नाही, बटा खालून मुठीत धरून दाबायच्या.

---

धागाकर्ता

ताई, खूप आभार. टॉवेलचं वाचून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. यंत्रमागावर टेरी, म्हणजे हेच टर्किश टॉवेल विणणं हे आमचं तिसऱ्या पिढीचं काम आहे. घरात सगळ्यात जाड, सगळ्यात चांगल्या फाशांचा टॉवेल मी मुद्दाम लेकीसाठी ठेवतो आणि दर रविवारी त्यानंच तिचं डोकं खसाखसा पुसतो. फासा पाणी ओढतो म्हणून तर टॉवेल टॉवेल होतो, पण तोच बटेला धरतो हे डोक्यात आलं नव्हतं. आईची दोन लुगडी ट्रंकेत आहेत. आजच काढतो.

---

प्रतिसाद (पाणी तपासणीच्या कामात आहे)

पाण्याबद्दल थोडं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरची तपासणी करून घ्या. बाजारातल्या टीडीएस मीटरवर भिस्त ठेवू नका, तो विरघळलेलं सगळंच मोजतो, कठीणपणा वेगळा दाखवत नाही.

हे क्षार केसावर बसतात, साबणाबरोबर त्यांचा चिकट साका होतो आणि केस राठ लागतो. साबणाची वडी डोक्याला लावत असाल तर थांबवा. खाण्याचा सोडा लावायला कुणी सांगितलं तर तेही नको, तो अल्कधर्मी, केसाचे खवले आणखी उघडतात.

उपाय साधा आहे. सगळं न्हाणं बोअरवर करा, पण शेवटचे तीन मग उजनीच्या पाण्याचे ठेवा. पाणी येतं तोच न्हाण्याचा दिवस धरा, म्हणजे जड जाणार नाही. त्या शेवटच्या तीन मगांच्या आधी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून केसांवरून सोडा, डोळे जपून. टाळूवर जखम किंवा खाजेचे ओरखडे असतील तर करू नका. लिंबूही चालतं, पण ते नीट धुवा, कारण लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला, क्षार काढणारा शाम्पू वापरता येईल. बाकी वेळी सौम्य.

---

प्रतिसाद (त्वचारोग विभागात काम करते)

केराटिनला ठाम नकार दिलात, बरं केलंत. केस सरळ करणाऱ्या कित्येक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. त्याऐवजी ग्लायॉक्सिलिक ॲसिड घातलेली जी उत्पादनं आली, त्यांच्या वापरानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. लहान मुलीच्या डोक्यावर हे काहीच नको.

कपाळाकडचे केस विरळ होणं मात्र अंगावर काढू नका. रोज घट्ट ओढलेल्या वेण्यांनी मुळांवर ताण येतो, त्याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. लवकर लक्षात आलं आणि ताण थांबवला तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर कायमचे जातात. एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि शाळेशी बोला. वेणी मानेपाशी सुरू करा, सैल घाला, रबर नको, रिबनच बरी. लेक म्हणाली की दुखतंय, तर ती वेणी घट्ट आहे, एवढी एकच चाचणी पुरते.

---

प्रतिसाद (रत्नागिरी)

खोबरेलाला एकदम बाद करू नका हो. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, त्यात केसातल्या प्रथिनांची झीज खोबरेलानंच कमी झाली. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. फक्त ते न्हाण्याच्या आधी, तासभर लावा आणि धुऊन टाका.

ग्लिसरिनवाली क्रीमं आमच्याकडे दमट हवेत चांगली चालतात. बहीण लातूरला दिली आहे, तिला उन्हाळ्यात त्यांनी केस उलट राठ झाल्याचा अनुभव आला. तुमची हवा तिच्यासारखीच.

---

प्रतिसाद (माहेर सोलापूर, आता पुणे)

क्रीमवरून आठवलं. दादा, तुमच्या घरात जवसाची चटणी होत असेलच. त्याच जवसाची जेल करा. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येते. गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा, गार झाली की ती बियांना सोडत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, वास बदलला की फेका. कंडिशनरनंतर ओल्या केसांवर लावून बटा मुठीत दाबायच्या आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. अक्कांचा जास्वंदीचा पालाही तसाच, त्याचा चिकट रस गुंता सोडवायला छान. फक्त वाटून गाळून घ्या, नाहीतर शिकेकाईसारखंच होईल.

रात्री उशीला जुन्या रेशमी साडीच्या पदराचा अभ्रा शिवा. सुती अभ्रा रात्रभर केसांवर घासतो.

---

प्रतिसाद

वाचनखूण साठवली. माझ्या मुलाचे असेच आहेत, आम्ही दर महिन्याला बारीक कापून टाकत होतो. यावेळी नाही कापणार.

---

धागाकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

पहिला रविवार फसला. जेल फार लावली, वाळल्यावर पांढरे पापुद्रे निघाले आणि ती परत रडली. दुसऱ्या वेळी एक चमचाच घेतली, तीही पाण्यात ढवळून. जमलं. कंडिशनर लावून गुंता सोडवायला पाऊण तास लागला, पण त्या पाऊण तासात ती मला शाळेतली गोष्ट सांगत बसली होती. फणीत जे केस आले ते मोजके. आईच्या लुगड्यात डोकं गुंडाळून ती घरभर फिरली.

पाण्याचा हिशेब: बोअरची सव्वा बादली आणि उजनीचे तीन मग. व्हिनेगरचा वास वाळल्यावर जातो. बोअरचं पाणी तपासायला दिलंय.

त्वचारोगतज्ज्ञांनी ताणच सांगितला, मुळं शाबूत आहेत म्हणाले. ती चिठ्ठी घेऊन वर्गशिक्षिकेंना भेटलो. एक सैल वेणी चालेल असं त्यांनी मान्य केलं, आणि मॅगी म्हणणाऱ्या मुलींशीही त्या बोलल्या. सकाळची वेणी आता सात-आठ मिनिटांत होते.

दुपारी चारपर्यंत टोकं अजून कोरडी पडतात. स्प्रेची छोटी बाटली दप्तरात दिली आहे, ती मारते म्हणते, खरंखोटं तिलाच ठाऊक. रेशमी अभ्रा बायकोनं शिवला.

आता एकच विचारायचं आहे. मेमध्ये ती मंगळवेढ्याजवळ मामाच्या गावाला जाईल, तिथं विहिरीत पोहायला शिकायचं ठरलंय. रोज विहिरीचं पाणी आणि वर ऊन. पोहण्याआधी केसांना काय करू?

---

प्रतिसाद (माहेर सोलापूर, आता पुणे)

उतरण्याआधी घरच्या चांगल्या पाण्यानं केस पूर्ण भिजवा, वरून खोबरेल किंवा थोडं कंडिशनर लावा आणि सैल वेणी घाला. आधीच पाणी प्यायलेला केस विहिरीचं पाणी कमी घेतो. वर आल्यावर दोन मग साध्या पाण्याचे, मग पंचा. रोज शाम्पू नको. आणि मामीला टोकाकडून विंचरायचं ते आधी दाखवून या, नाहीतर पहिल्याच दिवशी फणी वरून सुरू होईल.

---

धागाकर्ता

मामीला दाखवायचं काम लेकीनंच अंगावर घेतलंय. कालपासून ती बाहुलीचे केस टोकाकडून विंचरते आहे.